गणपतीत आलेला जुना फोन आणि त्यावर ओपन सोर्स प्रणाली: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

दरवर्षी गणपतीला आमच्या कोकणात हर्णैच्या बाजूला चाकरमानी येतात, आणि त्यांच्या सामानात एक तरी जुना मोबाईल असतोच. "चालतोय चांगला, नुसता स्लो झालाय, आईला होईल," असं म्हणून तो पडवीतल्या फळीवर ठेवला जातो. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की माणसं परत जातात आणि फोन माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येतो. "ताई, बघ गो, याचं काही होतंय का."

होतं. कंपनीनं ज्या फोनला वाऱ्यावर सोडलंय, त्यावर ओपन सोर्स प्रणाली (फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) घालून तो आणखी काही वर्षं वापरता येतो. ते कसं करायचं हे मी इथं सांगते आहे, आणि ज्यांनी आयुष्यात कधी फोनची प्रणाली बदललेली नाही त्यांच्यासाठी सांगते आहे. प्रत्यक्ष प्रणाली घालणं अर्ध्या तासाचं काम आहे. फोन फुकट जातात ते त्याच्या आधीच्या आठवड्यात केलेल्या घाईनं, म्हणून लेखाचा बराचसा भाग तिथेच गेलाय.

ओपन सोर्स फोन म्हणजे नक्की काय

अँड्रॉइडचा मूळ कोड २००८ पासून खुला आहे. कुणीही तो घ्यावा, बदलावा, आपल्या फोनवर चालवावा. पण दुकानातून आणलेल्या फोनमध्ये त्या खुल्या कोडावर गूगलची आणि फोन कंपनीची बंद ॲप्स चढवलेली असतात, आणि अपडेट द्यायचं की नाही ते कंपनी ठरवते. शाओमीचा रेडमी नोट ४ घ्या. भारतात तो २०१७ साली आला, आमच्या पंचक्रोशीत घरटी एक होता. कंपनीनं त्याला अँड्रॉइड ७ पर्यंत नेलं आणि तिथंच सोडलं. फोनचा पडदा चांगला, कॅमेरा बरा, बॅटरी चिवट. फक्त आतली प्रणाली म्हातारी.

इथं लिनिएजओएस ही खुल्या अँड्रॉइडवर बांधलेली प्रणाली कामी येते. २००९ साली सायनोजनमॉड नावाचा प्रकल्प सुरू झाला होता, तो २०१६च्या डिसेंबरात बंद पडला, आणि त्याच मंडळींपैकी अनेकांनी तेच काम लिनिएजओएस या नावानं पुढे चालू ठेवलं. जगभरचे लोक आपापल्या फोनसाठी हे फुकट करतात. हे 'फुकट' लक्षात ठेवा, पुढे मदत मागताना त्याचा संबंध येणार आहे.

याच्याही पुढे जाऊन फोनच मुळात खुला बनवण्याचे प्रयत्न झालेत. ओपनमोको नावाच्या प्रकल्पानं २००७ साली 'निओ १९७३' काढला. हातात धरायच्या मोबाईलवरून पहिला कॉल १९७३ साली झाला होता, म्हणून ते नाव. अलीकडचा म्हणजे पाईनफोन. त्याचं मागचं झाकण काढलं की आत बारीक सहा खटके दिसतात, मोडेम, वायफाय, माईक, कॅमेरे एकेक करून खरोखरच्या बटणानं बंद करता येतात. मला तो फार आवडतो. पण पहिला ओपन सोर्स फोन म्हणून तो मागवू नका. त्याचं सॉफ्टवेअर अजून हौशी माणसाचं आहे, आणि सुट्या भागासाठी पार्सलची वाट बघत बसावं लागेल. आधी फळीवरच्या जुन्या फोनवर हात बसू दे.

आणि एक खरं सांगून टाकते. लिनिएज घातलं तरी टॉवरशी बोलणाऱ्या मोडेमचं आतलं सॉफ्टवेअर बंदच राहतं. पूर्ण खुला फोन असा अजून आपल्या हातात नाही.

पहिली पायरी: फोनचं खरं नाव शोधा

खोक्यावरचं नाव उपयोगाचं नाही. प्रत्येक मॉडेलला एक सांकेतिक नाव असतं आणि सगळ्या फायली त्या नावानं मिळतात. रेडमी नोट ४ नावाचे दोन वेगळे फोन आहेत: एक मीडियाटेक चिपचा, त्याचं सांकेतिक नाव 'निकेल', दुसरा स्नॅपड्रॅगन ६२५चा, त्याचं 'मिडो'. भारतात विकला गेला तो मिडो. एकाची फाईल दुसऱ्यावर घातली तर फोनचा दगड होतो. पोको एफ१चं नाव 'बेरिलियम', एमआय ए१चं 'टिसॉट'. आपल्या फोनचं नाव सापडलं की कागदावर लिहून ठेवा.

मग लिनिएजच्या अधिकृत यादीत ते नाव आज आहे का बघा. 'आज' म्हणते, कारण सांभाळणारा माणूस थकला की फोन यादीतून जातो आणि दुसरा कुणी पुढे आला की परतही येतो. यादीत नसेल तर इकडेतिकडे अनधिकृत फायली सापडतात. पहिल्या खेपेला त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दुसरा प्रश्न कुलपाचा. गावाकडच्या बंद घराची किल्ली शेजाऱ्याकडे असते तसं आहे: फोन तुमचा, पण बूटलोडर नावाच्या पुढच्या दाराची किल्ली कंपनीकडे. काही कंपन्या मागितली की देतात, काही खेपा घालायला लावतात, काही देतच नाहीत. विवो आणि ओप्पोचे बहुतेक फोन शेवटच्या गटात. सॅमसंगच्या अनेक जुन्या फोनचं कुलूप निघतं, पण मग आतला नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडतो आणि सॅमसंगचं सुरक्षित फोल्डर पुन्हा कधी चालत नाही. शाओमी जुन्या फोनची किल्ली देते, फक्त थांबायला लावते. बहुतेक वेळा १६८ तास, म्हणजे बरोबर सात दिवस.

हे सात दिवस आमच्याकडे फार नडतात. भाचा लॅपटॉप घेऊन चतुर्थीला येतो, आरत्या-भजनात चार दिवस जातात, पाचव्या दिवशी कुलपाचा अर्ज करतो, आणि मुदत भरते तेव्हा तो परळच्या घरी असतो. म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी करा. त्यासाठी चौथ्या पायरीत सांगितलेले डेव्हलपर पर्याय आधीच उघडावे लागतात, फोनमध्ये चालू सिम लागतं, वायफाय बंद करून मोबाईल डेटावर शाओमीचं खातं जोडावं लागतं, आणि मुदत तिथून सुरू होते. मध्ये खातं काढून पुन्हा जोडलंत तर मोजणी पहिल्यापासून. कुलूप काढायचा शाओमीचा प्रोग्राम विंडोजवर चालतो, तेव्हा तो लॅपटॉप कुणाचा आणि कधीपर्यंत इथं आहे तेही बघून ठेवा.

ज्याचा फोन होता त्याच्याकडून, तो परत जायच्या आधी, त्याचं गूगल आणि शाओमीचं खातं काढून घ्या. नाहीतर फोन पुसल्यावर जुना पासवर्ड मागत बसतो, आणि मुंबईचा दादा म्हणतो, "तो पासवर्ड? तीन वर्षं झाली रे!"

दुसरी पायरी: खारी हवा, केबल आणि वीज

ही पायरी शहरातल्या लेखांत नसते. इथं समुद्राची हवा चार्जिंगच्या भोकात शिरते आणि आतल्या पिनांवर हिरवट थर चढवते. फोन चार्ज होतो, पण डेटा मध्येच तुटतो. टॉर्च मारून भोकात बघा. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं साचलेला कापसासारखा मळ काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशनं हलकेच पुसा आणि पूर्ण सुकू द्या. रॉकेल नको, सॅनिटायझरची जेलही नको. आणि ओला फोन तांदळात घालून काही होत नाही. आमच्याकडे तांदळाला तोटा नाही म्हणून सगळे तो उपाय करतात, पण कोंडा भोकात जाऊन बसतो, बाकी काही नाही.

फोनची पाठ थोडी जरी फुगलेली दिसली, टेबलावर ठेवल्यावर भोवऱ्यासारखा फिरला, तर तिथंच थांबा. बॅटरी आधी बदलून घ्या.

केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबली दिसायला तशाच असतात. एखादा फोटो फोनमधून लॅपटॉपवर ओढून बघा, ओढला गेला तर केबल बरोबर. फोन किमान सत्तर-ऐंशी टक्के चार्ज हवा, आणि काम लॅपटॉपवर करा, डेस्कटॉपवर नको. आषाढात मी एकदा दुकानातल्या डेस्कटॉपवर करायला बसले, फाईल अर्धी गेली आणि बत्ती गेली. फोन कंपनीच्या चिन्हावर अडकला. घाम फुटला, पण तो फास्टबूट अवस्थेत (प्रणाली सुरू न होता संगणकाच्या आज्ञा ऐकायची अवस्था) परत जात होता, म्हणून वाचला. जोवर फोन फास्टबूटमध्ये जातो तोवर सगळं पुन्हा करता येतं, हे त्या संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात शिकले.

तिसरी पायरी: फायली उतरवा, ताडून बघा

तीन गोष्टी लागतात: संगणकावर एडीबी आणि फास्टबूट ही फोनला केबलवरून आज्ञा देणारी साधनं, तुमच्या फोनची रिकव्हरी (नवी प्रणाली घालून देणारा छोटा प्रोग्राम) फाईल, आणि प्रणालीची मुख्य फाईल, जी साधारण एक जीबीच्या आसपास असते. गूगलची ॲप्स हवी असतील तर चौथी फाईल त्यांची. लिनिएजवाले त्यासाठी 'माइंडदगॅप्स' सुचवतात, अँड्रॉइडचा आकडा जुळेल अशीच घ्या.

घरात रेंज नसेल तर सड्यावर (वरच्या उघड्या कातळमाळावर) जावं लागणार, आणि तिथं डाउनलोड दहा वेळा तुटणार. तुटलेली फाईल दिसायला पूर्णच दिसते. म्हणून डाउनलोडच्या पानावर दिलेला 'एसएचए२५६' नावाचा लांबलचक आकडा आपल्या फाईलच्या आकड्याशी ताडून बघायचा. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' या आज्ञेनं तो निघतो. पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळली की मी पुढे जाते. कडक माणसं सगळी जुळवतात.

फोनमधले फोटो, संपर्क, व्हॉट्सॲपच्या गप्पा बाहेर काढून घ्या. पुढची पायरी सगळं पुसणार आहे. आणि डायलवर *#०६# दाबून आयएमईआयचे, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचे, आकडे वहीत लिहा. का, ते पुढे.

चौथी पायरी: कुलूप

सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर (शाओमीत एमआययूआयच्या आकड्यावर) सात वेळा टिचकी मारा. डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथं 'ओईएम अनलॉकिंग' आणि 'यूएसबी डिबगिंग' चालू करा. मग फोन बंद करून आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरा. रेडमीवर अँड्रॉइडची दुरुस्ती करत बसलेला टोपीवाला ससा दिसला की तुम्ही फास्टबूटमध्ये आहात. केबल जोडा, शाओमीचा प्रोग्राम उघडा, बटण दाबा. मुदत भरलेली असेल तर मिनिटाच्या आत कुलूप निघतं आणि फोन कोरा होतो.

पैसे घेऊन "लगेच अनलॉक" करून देणारे असतात. त्यांना खात्याचा पासवर्ड देऊ नका.

पाचवी पायरी: प्रणाली घालणे

इथं मी मुद्दाम आज्ञा देत नाही. प्रत्येक फोनच्या अधिकृत पानावर त्या नेमक्या दिलेल्या असतात, फोनागणिक वेगळ्या असतात, आणि माझ्या लेखावरून टाइप केल्यात तर चूक माझ्या गळ्यात येईल. क्रम मात्र समजून घ्या. आधी फास्टबूटनं रिकव्हरी घालायची. लगेच बटणं दाबून त्या रिकव्हरीत शिरायचं. फोनला मध्ये नेहमीसारखा सुरू होऊ दिलात तर काही फोनवर कंपनीची जुनी रिकव्हरी परत येऊन बसते. तिथं 'फॉरमॅट डेटा' करायचं. मग 'अप्लाय अपडेट'मधून 'साइडलोड' निवडून संगणकावरून मुख्य फाईल ढकलायची.

आता ती प्रसिद्ध जागा. संगणकाच्या पडद्यावर आकडा ४७ टक्क्यांवर थांबतो, काही तरी फेल झाल्याचं इंग्रजीत येतं, आणि नवखा माणूस केबल उपटतो. उपटू नका! फोनच्या पडद्याकडे बघा. अनेकदा काम नीट झालेलं असतं आणि संगणक उगाच कुरकुरत असतो. त्या संदेशाच्या शेवटी 'सक्सेस' असा शब्दसुद्धा असतो, पण तिथपर्यंत कोण वाचतं.

गूगलची ॲप्स घालायची तर याच वेळी, फोन पहिल्यांदा सुरू व्हायच्या आधी. नंतर आठवलं तर पुन्हा फॉरमॅट. नको असतील तर सरळ रीस्टार्ट करा. पहिला स्टार्ट बराच वेळ घेतो, तेवढ्यात चहा होतो.

एक कधीच करू नका: प्रणाली बसल्यावर "आता कुलूप परत लावून टाकू" असं. बहुतेक फोनवर त्यानं फोन मरतो. कुलूप उघडंच राहणार, त्यामुळे लांबसडक पिन ठेवा आणि फोन कुणाच्या हाती देताना भान ठेवा.

सहावी पायरी: आधी कॉल लावा, बाकी नंतर

सजावट करत बसू नका. सिम घाला, कॉल लावा, कॉल घ्या, दोन्हीकडचा आवाज ऐका. जिओचं जाळं मुळातच ४जीपासून सुरू झालं, त्याला २जी-३जी नाही, त्यामुळे व्होएलटीई (४जीवरून कॉल करायची सोय) चालत नसेल तर जिओवर नुसतं इंटरनेट चालेल आणि कॉल लागणार नाही. एअरटेल किंवा बीएसएनएलचं सिम असेल तर कॉल २जीवर उतरून तरी लागतो. फोन घरातल्या म्हाताऱ्या माणसाला द्यायचा असेल तर ही तपासणी झाल्याशिवाय देऊ नका.

*#०६# पुन्हा दाबा आणि वहीतल्या आकड्यांशी जुळवा. आकडा शून्य किंवा रिकामा आला तर काहीतरी पुसलं गेलंय. अशा वेळी कुठलासा प्रोग्राम वापरून आकडा "टाकून देणारे" भेटतील. आयएमईआयमध्ये फेरफार करणं हा आपल्याकडे २०१७च्या नियमांपासून तुरुंगवासापर्यंत नेणारा गुन्हा आहे. अधिकृत पानावरच्या सूचनांनी कंपनीची मूळ प्रणाली परत घालून बघा.

बँकेची आणि यूपीआयची ॲप्स: काही चालतात, काही कुलूप उघडं दिसलं की उघडायलाच नकार देतात, आणि आज चालणारं उद्या थांबू शकतं. त्यावर उतारे सांगणारे खूप आहेत. मी पैशाच्या बाबतीत उतारे वापरत नाही. मासळीच्या लिलावावर पैसे द्यायचा फोन वेगळा आणि हा वेगळा, असं ठेवलं की डोक्याला ताप नाही. नाहीच तर इंटरनेटशिवाय, नुसतं डायल करून चालणारी *९९# ही सोय आहे, हळू आहे पण प्रणाली विचारत नाही.

सातवी पायरी: भरायचं काय

एफ-ड्रॉइड नावाचं दुकान घाला, तिथं सगळी ॲप्स ओपन सोर्स आणि फुकट. माझ्या हिशेबानं पहिलं ॲप नकाशाचं: ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतात आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवतात. खेड-दापोली रस्त्यावर रेंज येते-जाते, तिथं याची किंमत कळते. सिम नसतानाही जीपीएस चालतं, फक्त नेट नसेल तर पहिल्यांदा जागा पकडायला उघड्या आभाळाखाली काही मिनिटं लागतात. माडाखाली उभं राहून शिव्या देऊ नका. आमच्या वाडीच्या पाखाड्या (दगडी पायवाटा) नकाशात नव्हत्या. मी त्या चालत जाऊन टाकल्या, आता व्याघ्रेश्वराच्या देवळात जाणारे पाहुणे वाट विचारायला दुकानात येत नाहीत. (थोडं नुकसानच झालं, येताना ते लिमलेट घ्यायचे.)

समुद्रावर जाणाऱ्यांनी मात्र हा एकच फोन घेऊन जाऊ नये. भरती-ओहोटीचं ॲप मी कुणाला घालून देत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा, हे इथल्या पोराटोरांना येतं.

मराठी टाइप करायला लिनिएजचा मूळ कीबोर्डच मराठी देतो, सेटिंगमध्ये भाषा जोडायची. जास्त हवं असेल तर केरळातल्या स्वतंत्र मलयालम कम्प्युटिंगच्या मंडळींचा इंडिक कीबोर्ड बघा, त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषा आहेत.

अडलात तर

विचारा, पण तयारीनं विचारा. "फोन बंद पडला, प्लीज हेल्प" एवढ्यावर कुणीच काही सांगू शकत नाही. फोनचं सांकेतिक नाव, कुठल्या तारखेची फाईल घातली, आधी कुठली प्रणाली होती, नेमकं कुठलं बटण दाबल्यावर काय दिसलं, हे पाच ओळींत लिहा. पडद्याचा फोटो जोडा. ॲप कोसळत असेल तर 'लॉगकॅट'ची नोंद काढून द्या. बाजारात भाव विचारावा तसं "माझ्या फोनला नवीन व्हर्जन कधी?" असं मात्र विचारू नका. लिनिएजवाल्यांमध्ये हा प्रश्न शिष्टाचाराबाहेरचा मानला जातो, आणि बरोबरच आहे. समोरचा माणूस दिवसाची नोकरी करून रात्री तुमच्या फोनसाठी बसतो. कोड येत नसला तरी देण्यासारखं बरंच असतं. या ॲप्सचे मराठी अनुवाद कुणीतरी आपल्यासारखंच माणूस बसून करतं, आणि काही ठिकाणी ते इतके कृत्रिम असतात की सहावी-सातवीतली मुलगीसुद्धा सुधारेल.

अपडेट आलं की त्याच दिवशी घालू नका. दोन-तीन दिवस बघा, कुणाची ओरड येते का. आणि रात्रीच्या गाडीनं कुठे जायचं असेल तर त्या दिवशी मुळीच नको.

शेवटचं काम फोन देताना. कागदाच्या पट्टीवर सांकेतिक नाव, घातलेल्या प्रणालीचा आकडा आणि तारीख लिहून पट्टी कव्हरच्या आत चिकटवा. पुढच्या गणपतीत तो फोन वेगळ्याच घरातून तुमच्याकडे परत येईल, आणि घेऊन येणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसेल.